थोरल्या महाराजांच्या उंच पाटाची बखर

श्री. मातेने अंगीचा मळ घासून ज्यास घडविले, त्या गजाननास आधी नमन. मग शारदेस नमन. मग ज्यांनी परक्यांच्या भिंती गुळगुळीत करिता करिता आपले हात गमाविले, त्या समस्तांस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास सरत आला असता एका राज्यी लाकडाशी युद्ध पडले, त्याची हकीकत जैसी जाहली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहू नये, ऐसे ठरले आहे. दोन खोल्या, एक मोरी आणि एक सज्जा इतकाच मुलूख; तिसऱ्या मजल्यावर वसलेला; उत्तरेस जिना, दक्षिणेस पाण्याची टाकी, आणि सज्ज्याखाली दुसऱ्या मजल्याचे ठोंबऱ्यांचे संस्थान. गादीवर राजश्री सुदामराव, चाकरी कचेरीत कागद सरकविण्याची, स्वभाव मवाळ, तळहात त्याहून मवाळ. त्यांच्या राणीसाहेब वैजयंताबाई, बोलणे तिखट, डोळ्यांत पाणी लवकर. आणि आतल्या खोलीत खाटेवर थोरले महाराज हैबतराव, सुदामरावांचे तीर्थरूप, ज्यांस सारे आबा म्हणत.

आबांचा पराक्रम काय म्हणाल, तर गिलावा. शहरातील कितीएक माड्यांच्या भिंतींवर त्यांनी हाताने सिमेंट फिरविले, आणि गिलावा वाळला की डोळे मिटून तळहात भिंतीवरून न्यावा, हात कोठे अडला नाही तरच भिंत धन्याच्या ताब्यात द्यावी, ऐसी त्यांची रीत. सिमेंट हात खाते, हे गवंड्यास सांगावे लागत नाही. सरकारी धान्यकोठीवर अंगठा उमटविण्याचे यंत्र आले तेव्हा यंत्राने आबांचा अंगठा नाकारिला, पुन्हा नाकारिला, कोठीवाला म्हणाला, "आजोबा, तुमच्या बोटाला रेषाच नाहीत." तेव्हा आबा म्हणाले, "भिंतीनं घेतल्या. भिंतीला इच्यार माझं नाव." सारी रांग हसली, आणि आबाही हसले, आणि रिकामी पिशवी घेऊन घरास आले. पुढे दोन्ही डोळ्यांवर धुके उतरले, मग मोरीत पाय घसरून खुबा मोडला, वैद्यांनी आत सळई घातली आणि आज्ञा केली की यापुढे मांडी घालणे नाही. त्या एका आज्ञेने राज्यावर अरिष्ट कोसळले.

कारण आबा अंथरुणावर बसून जेवेनात. म्हणाले, "हातरुणावर जेवणं म्हंजी मरणाला ताट वाढणं. माझ्या बापानं केलं न्हाई, मी करनार न्हाई." राणीसाहेबांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "खुर्चीत मुकादम जेवायचा. आमी वाळूच्या ढिगाआड उकिडवं बसून भाकरी खायाचो, आन् त्यो वर बसून आमच्याकडं बघायचा. मी मुकादम हाय का, सूनबाई?" "नाही हो आबा, पण पोटाला काही नको का?" "पोटाला पाट पायजे," ऐसे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजले. पेज प्यावी, चहा प्यावा, इतकेच. त्यास ते जेवण म्हणत नसत. पाहता पाहता गळ्याची हाडे वर आली, आणि जो देह सिमेंटची पोती खांद्यावरून चढवी, तो चादरीखाली आहे की नाही हे चाचपून पाहावे लागे. वैद्य म्हणाले, अन्न पोटात गेले नाही तर आम्ही काय करावे. तेव्हा सुदामरावांनी मसलत केली आणि विचारिले, "आबा, पाटच असला, पण उंच असला तर? मांडी न घालता, पाय खाली सोडून बसता येईल ऐसा?" आबा म्हणाले, "पाट उंच केला तरी पाटच ऱ्हातो. बसंन. पर आधी हात फिरवून बघंन. कुठं लागलं न्हाई तर बसंन." हा तह जाहला.

राणीसाहेब म्हणाल्या, "सुताराला बोलवा. एका दुपारचं काम." आणि बोलाविला असता तर ही बखर लिहावी न लागती. परंतु आदल्याच दिवशी आबा सुनेशी बोलत असता सुदामरावांनी दाराआडून ऐकिले होते: "तुझा नवरा भला हाय, पर हाताचा न्हाई. आमच्या घराण्यात हाताचा गुण माझ्याबरुबर जानार." ते वाक्य त्यांच्या काळजात कुसळासारखे मोडून बसले. मग ते खासा बाजारास गेले आणि सागाच्या सालीचे प्लायवुड आणिले. वरून सागवान दिसे, आत हलके लाकूड, थरावर थर, मध्ये डिंक. दुकानदाराने फळी, चार पाय आणि आडव्या पट्ट्या कापून दिल्या, वर पॉलिशपेपरचे ताव दिले आणि बजाविले की, "साहेब, लाकडाच्या रेघेच्या बाजूने घासा, हलक्या हाताने. वरची साल कागदाएवढी असते." सुदामराव "होय होय" म्हणाले. ज्यास स्वतःस सिद्ध करणे असते त्यास हलका हात कोठून?

मग सज्ज्यात युद्धास तोंड लागले. पॉलिशपेपर यांची फौज अशी की ज्याचा आकडा लहान तो रानटी आणि ज्याचा आकडा थोर तो नाजूक. ऐंशी नंबराने झाडून कापावे, एकशेवीसाने जखमा बुजवाव्या, दोनशेवीसाने वरून हात फिरवावा. सुदामराव कचेरीतून येत, सदरा काढीत, लाकडाच्या तुकड्यास कागद गुंडाळीत आणि घाशीत, आणि घासता घासता पिठूळ धूळ उडे, ती भुवयांवर बसे, देवांवर बसे, दुधाच्या सायीवर बसे, आणि राणीसाहेब शिंकत शिंकत म्हणत, "घर आहे का वखार?" खालून ठोंबरेकाकूंची स्वारी जिना चढून आली. "अहो सुदामराव, माझ्या पापडांवर तुमचं लाकूड बसलं! उडदाचे पापड करते मी, सागवानी नाही!" राणीसाहेब म्हणाल्या, "काकू, आबांसाठी चाललंय हो, जेवत नाहीत ते." तेव्हा काकूंचा आवाज खाली आला. "जेवत नाहीत? मग घासू दे. पापड काय, झटकीन मी." आणि जाता जाता उंबऱ्यातून आत डोकावून म्हणाल्या, "आबा, जेवा हो, नाहीतर तुम्हाला फोटोच्या चौकटीत बसवायची पाळी येईल." आतून आबा म्हणाले, "चौकटीला गिलावा तू कर."

फळी पहिल्याने तयार जाहली तेव्हा सुदामरावांनी ती गालास लावून पाहिली, तो लोण्यासारखी. मग दोन्ही हातांनी उचलून, नैवेद्याचे ताट न्यावे तैसी आत नेली आणि म्हणाले, "आबा, बघा." आबांनी डोळे मिटले, तसे ते उघडे असून काय उपयोग, आणि तळहात फळीवर टेकवून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सावकाश नेला. साऱ्या राज्याने श्वास धरिला, पातेल्यात वरण होते तेही उकळावयाचे थांबले ऐसे राणीसाहेबांस वाटले. आबा म्हणाले, "लागतंय." "कुठं, आबा?" "समदीकडं." सुदामराव फळी घेऊन परतले आणि दोनशेवीसाने पुन्हा घासू लागले. दुसरे दिवशी नेली. "लागतंय." मग एकशेवीस काढिला. "लागतंय रं. तुला कळंना का?" मग स्वतःचा हात फिरवून पाहावा, तो काही लागत नसे, तेव्हा मनात म्हणाले, माझा हात कागद सरकविणाराचा, त्यास काय कळते, आबांचा हात म्हणजे आबांचा हात. श्रोते हो, सारा घात येथे जाहला. आपल्या अंगी जे कळते ते खोटे आणि बापाच्या अंगी जे कळते तेच खरे, ऐसे मानून त्या मवाळ राजाने ऐंशी नंबर बाहेर काढिला.

दरम्यान कचेरीच्या दाराशी हजेरीचे यंत्र होते, त्याने एके सकाळी सुदामरावांचा अंगठा नाकारिला. पुसून लाविला, फुंकर घालून लाविला, यंत्र तांबडा दिवा दाखवी. कारकून म्हणाले, "काय राव, कुठं झिजवली बोटं?" सुदामरावांनी बोटे उजेडात धरिली, तो रेषा गेलेल्या, बोटे नदीतल्या गोट्यांसारखी. इतरांस हसू आले. त्यांस मात्र क्षणभर अभिमान वाटला, आणि लागलेच भय वाटले, आणि भय कशाचे ते उमगले नाही.

त्या संध्याकाळी घासता घासता फळीच्या मधोमध सागाची साल फाटली. आधी पिवळसर डाग दिसला, मग तो पसरला, मग खालचा डिंकाचा काळा थर वर आला, चंद्रास ग्रहण लागावे तैसा. सुदामरावांनी हात आखडिला. एकदा गेलेली साल परत येत नाही. राणीसाहेब दोरीवरचे कपडे काढावयास सज्ज्यात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काळं काय झालं?" सुदामरावांनी कागद खाली ठेविला. "अहो?" तेव्हा म्हणाले, "संपलं, वैजू." त्या शेजारी खाली बसल्या, धुळीतच. आतून आबांचा खोकला ऐकू आला. तोही आता बारीक जाहला होता. राणीसाहेब म्हणाल्या, "नवीन फळी आणा." "आणीन. आणि तिलाही लागतंय म्हणतील. तोवर आबा…" इतके बोलून थांबले, कारण पुढचा शब्द दोघांसही ठाऊक होता.

मग सुदामरावांचे डोके फिरले. आयुष्यात बापास उलट बोलले नव्हते, ते फाटकी फळी घेऊन आत गेले आणि खाटेवर आपटून म्हणाले, "घ्या! फिरवा हात!" आबांनी फिरविला आणि म्हणाले, "लागतंय." "कुठं लागतंय? दाखवा मला, कुठं लागतंय!" आणि आबांचा हात मनगटाखाली धरून, आपला तळहात त्यांच्या तळहातास भिडवून, तो फळीवर ओढावयास निघाले. आणि तेथेच थांबले.

आता येथे राज्याचा एक रिवाज सांगणे भाग. त्या राज्यी लेक बापाच्या पायांस हात लावितो. सणास लावितो, परीक्षेस जाताना लावितो, वराच्या घोड्यावर चढताना लावितो. सून ताट पुढे सरकविते, पदर सांभाळून. पण बापाच्या हातास हात लावण्याचा रिवाज तेथे नाही. लहानपणी बोट धरावे तर आबा पहाटे कामावर जात आणि अंधारल्यावर येत, आणि जत्रेत खांद्यावर घेत. म्हणोन सुदामरावांस आबांच्या टाचांची भेग न् भेग ठाऊक होती. आणि तळहात कैसा आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. तो तळहात म्हणजे ऐंशी नंबर. त्याहून रानटी. घट्ट्यांवर घट्टे, भेगांत भेगा, कडा उभ्या राहिलेल्या, उन्हाळ्यात तळे आटल्यावर चिखल तडकतो तैसा. खडबड फळीत नव्हतीच. पहिल्या दिवसापासून नव्हती. हात आपल्याच खडबडीस चाचपीत होता, आणि भिंत बरी नाही म्हणत होता.

आबा म्हणाले, "काय झालं रं? गप का झालास?" सुदामरावांच्या जिभेवर खरे आले. परंतु पाहतात तो डोळे गेलेले, पाय गेले, मांडी गेली, घास गेला; त्या देहात आता एक तळहातच धनी उरला होता, जो भिंतीस होय किंवा नाही म्हणू शके. तो खोटा म्हणावा तर मागे राहिले काय? मग म्हणाले, "काही नाही, आबा. लागतंय खरं. घासतो अजून." "घास. हळू घास. तुझा हात लई जड पडतोय."

तेव्हापासून राज्यात वेगळेच युद्ध सुरू जाहले. सज्ज्यात सुदामराव लाकडाच्या निकामी तुकड्यावर कागद घाशीत, का की आबांस आवाज ऐकू यावा, आणि राणीसाहेबांनी खोबरेल कोमट करून वाटीत द्यावे, आणि सुदामरावांनी खाटेशी बसून म्हणावे, "आबा, थंडी पडलीय, हात फुटतात, द्या इकडं." आबा प्रथम रागावले. "पोरानं पाय दाबायचं असत्यात. हात कोन दाबतं?" "आज हात दाबतो." आबांनी हात काढून घेतला नाही. तेल भेगांत जिरे, आटलेल्या नदीत पाणी सोडावे तैसे. कालचे तेल गेले कोठे ते कळत नसे. बोटाबोटांमधून, घट्ट्यांच्या कडांवरून सुदामरावांची झिजलेली बोटे फिरत, आणि तिकडे चुलीपाशी राणीसाहेब आपल्या माहेरच्या चालीवर, कोणी ऐको न ऐको, हळू म्हणत:

लाकूड घासीतां पीठ उडालें घरभर
बापाचा तळहात उन्हाळ्याचा गं डोंगर

डोंगराला तेल बाई चोळावें किती सांजा
मऊ होईल तंवर सूर्य बुडेल गं माझा

आणि ओवी खरी जाहली. हात मऊ होऊ लागला, आणि बाकीचे आबा मावळू लागले. पेजही आता ओठांवरून ओघळे. एके दिवशी त्यांनी स्वतःहून म्हटले, "आन फळी." सुदामरावांनी पाय जोडून तयार केलेला उंच पाट, मधोमध काळे ग्रहण असलेला, खाटेशी आणून ठेविला. आबांनी तळहात त्यावर टेकविला आणि नेला; ग्रहणावरूनही नेला; काठापर्यंत नेला, आणि परत आणिला. मग म्हणाले, "झालं की रं." आणि पाटावर थोपटिले. "आता लागत न्हाई. आला बघ तुला हात. मी म्हनत हुतो सूनबाईला, ह्यो हाताचा न्हाई. चुकलो मी." चाळीस वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द आला, आणि तो ज्या कामास आला ते काम केलेच नव्हते. सुदामरावांनी मान खाली घालून ऐकिला, चोराने आपली वाहवा ऐकावी तैसा.

राणीसाहेबांनी लगबगीने वरण-भात केला, वर तूप सोडिले, लिंबाची फोड ठेविली. दोघांनी दोन बाजूंनी धरून आबांस पाटावर बसविले, तो पाठ उभी राहीना. मान कलंडली, देह ओल्या गिलाव्यासारखा खाली घसरू लागला. पुन्हा धरिले, पुन्हा घसरले. आबा म्हणाले, "निजवा. ऱ्हाऊ द्या." "एक घास, आबा, निजूनच, एकच," राणीसाहेब रडत म्हणाल्या. "न्हाई म्हनलं न्हवं. हातरुणावर न्हाई." मग हात लांब करून पाटावर ठेविला आणि म्हणाले, "हे बघ, हात बसला म्हंजी मी बसलो. तुमी दोघं जेवा हितं, माझ्यासमूर. पंगत मोडू नगा." तेव्हा राजा आणि राणी जमिनीवर मांडी घालून जेवावयास बसली, आणि भात घशाखाली उतरेना, तरी उतरविला, कारण तो हात पाटावर होता आणि कान इकडे होते. आबांनी मध्येच विचारिले, "मीठ बराबर हाय का, रं?" सुदामराव म्हणाले, "बरोबर आहे, आबा." भातात मीठ पडलेच नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी तो हात थंड होता, आणि मऊ होता.

ठोंबरेकाकूंनी पिठलं-भात करून वर आणिला, आणि सारी रीत त्यांनीच सांगितली. जेथे प्राण गेला तेथे दिवा लावावा, पीठ पसरावे, टोपली झाकावी. सकाळी पिठात जी खूण उमटेल तिजवरून गेलेला जीव कोठे गेला ते कळते, पक्ष्याचे पाऊल तर पक्षी, गाईचे खूर तर गाय. म्हणाल्या, "जमिनीवर नको, मुंग्या होतील. त्या पाटावर पसरा. त्यांच्यासाठीच केला होता ना?" मग उंच पाटावर पीठ पसरिले, राज्यावर इतके दिवस जैसी लाकडाची धूळ बसे, तैसेच ते दिसत होते. पहाटे पाहुणे उठण्याआधी सुदामराव एकटे तेथे आले आणि टोपली उचलून पाहिली, तो पीठ जसेच्या तसे. पक्षी नाही, गाय नाही, मुंगीही नाही. त्यांनी डोळे मिटले आणि आबांनी फिरवावा तैसा तळहात पिठावर टेकविला, काही लागते का पाहावयास. आयुष्यात प्रथमच वाटले की लागावे. काही लागले नाही. मग टोपली झाकून मोरीत जाऊन हात धुतला.

उजाडल्यावर सर्वांदेखत टोपली उचलिली, तो काकू ओरडल्या, "अगं बाई! हात उमटलाय! वैजयंता, बघ, अख्खा हात! आणि बोटाला रेषा एक नाही. आबांचाच गं!" पाहुण्यांनी हात जोडिले, कोणी म्हणाले गवंड्याच्याच जन्मास गेले, कोणी म्हणाले हात फिरवावयास परत आले. पिठात कोणाच्याच रेषा उमटत नाहीत, हे त्या घडीस कोणाच्या ध्यानी आले नाही. राणीसाहेबांनी मात्र सुदामरावांच्या हाताकडे पाहिले, नखांच्या कडेस राहिलेले पीठ पाहिले, आणि पदर पुढे करून ते हळूच पुसून टाकिले. सुदामरावांनीही सर्वांबरोबर हात जोडिले.

ऐसी त्या राज्याची हकीकत. तेथे आता लाकूड घासणे बंद आहे, देव स्वच्छ आहेत, दुधाची साय पांढरी आहे, ठोंबऱ्यांचे पापड निर्मळ वाळतात. उंच पाट भिंतीशी उभा करून ठेविला आहे; त्यावर कोणी बसत नाही. राजे येता जाता त्यावरून हात नेतात. काठापासून काठापर्यंत कोठे काही अडत नाही. हेच बहुत वाईट.